निसर्ग विभागातलं घरटं

आमच्या फोटोग्राफी क्लबाचा एक कावळा होता. सभासद नव्हता, पण स्पर्धेत त्याचे फोटो इतके यायचे की कॅमेरा दिसला की तो आपणहून उजेडाकडे मान वळवायचा, आणि बक्षीस हुकलं तर आठवडाभर फिरकायचा नाही. खोटं वाटत असेल तर कावळ्याला विचारा. मग एका गृहस्थाने मेलेलं फुलपाखरू डिंकाने फुलावर चिकटवलं. बक्षीस घेऊन ते घरी गेले तरी फुलपाखरू तिथेच. पुढच्या वर्षीही तेच, फूल तेवढं नवीन. तेव्हा आमच्या सचिवांनी, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी, निसर्ग विभागाला नियमांचं कुलूपच ठोकलं. माणूस दिसता कामा नये. माणसाने केलेली वस्तू दिसता कामा नये. चित्रातलं काही पुसायचं नाही, काही घालायचं नाही. ज्याला पुसापुशीची हौस असेल त्याने खुल्या विभागात जावं.

डॉक्टर फोटो बघतात तेही आ करायला लावल्यासारखे. कीड सापडेपर्यंत हलत नाहीत.

त्या वर्षी माझ्या साडूने पहिल्यांदा फोटो दिला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, हिवाळ्यात गेली, आणि तेव्हापासून तो स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा झाला होता. वरचं दार उघडेना, खालचंही उघडेना. बोलावलं तर यायचा, वाढलं तर जेवायचा, विनोद सांगितला तर "बरं" म्हणायचा. माझे विनोद वाया जाणं मला नवीन नाही, पण "बरं" म्हणजे फारच झालं. म्हणून मी माझा जुना कॅमेरा त्याच्या हातात कोंबला. बरेच दिवस काहीच नाही. मग प्रवेशिका बंद व्हायच्या दिवशी त्याने मुकाट्याने एक पाकीट आणून दिलं.

आत घरट्याचा फोटो. बुलबुलाचं, वाटीएवढं, रिकामं. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या फांदीवरचं. काड्या, सुकलेली मुळं, आणि त्यांच्यातून गोल गोल फिरत गेलेला पांढरा बारीक दोरा.

निवडीच्या दिवशी डॉक्टरांनी भिंग लावलं आणि दोरा पकडला. दोरा म्हणजे माणसाची वस्तू, म्हणजे बाद. पण समितीतले लोक वाईट नव्हते. साडूचं काय झालंय ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी तोडगा काढला: चित्र खुल्या विभागात घ्यायचं, दोरा पुसून टाकायचा, चुटकीसरशी होणारं काम. मीही मान डोलावली. उजेड छान आलाय, साडूभाऊ, म्हटलं, बक्षीस कुठे जात नाही.

"म्हणून तर निसर्गात दिला," तो म्हणाला. "इथे पुसत नाहीत."

डॉक्टर म्हणाले की ते सगळं खरं, पण दोऱ्याचं काय करायचं.

"दोरा नाही तो. हिचे केस आहेत."

लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा, हे तो ज्या आवाजात सांगतो त्याच आवाजात हे सांगितलं.

मेव्हणी खिडकीशी उभी राहून केस विंचरायची. फणीतला गुंता बोटाला गुंडाळून खिडकीच्या कठड्यावर ठेवायची. आमची ही त्यावरून तिला नेहमी बोलायची, की अगं, घरभर केस. ती म्हणायची, पक्षी नेतात गं. आम्हाला ती सबब वाटायची. आमच्याकडे थापांचं खातं माझ्याकडे असल्यामुळे दुसऱ्या कोणाचं काही खरं असेल असं कोणी धरतच नाही.

समितीत मग बराच खल झाला. केस ही माणसाने केलेली वस्तू नव्हे, तेव्हा तो नियम सुटला. पण माणूस दिसता कामा नये, त्याचं काय? केस म्हणजे माणूस का? एकजण म्हणाला, गळला तो केस माणसाचा राहत नाही. डॉक्टर म्हणाले, पडलेला दातसुद्धा कोणाचा ते मला कळतं. मला गप्प बसवेना, म्हणून मी म्हटलं, व्यक्तिचित्रात टाका की. डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, तिथे डोळे स्पष्ट लागतात. कोणी हसलं नाही. साडू समोरच्या भिंतीवरचा पंखा बघत होता, पंखा बंद होता.

शेवटी डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. माणूस दिसतो असं काही म्हणता येणार नाही, म्हणाले, राहू दे चित्र स्पर्धेत.

"नीट बघा, डॉक्टर," साडू म्हणाला. "ती दिसत असेल तर बाद करा."

डॉक्टरांनी भिंग पुन्हा उचललं. या वेळी कीड शोधत नव्हते. मग चित्राच्या कोपऱ्यात डकवायची चिठ्ठी घेऊन त्यांनी लिहिलं: बाद. चित्रात माणूस आहे. खाली सही केली.

साडूने ती वाचली. "बरं," म्हणाला.

बक्षीस कावळ्याला गेलं.

चित्र आता त्याच्या स्वयंपाकघरात आहे, चिठ्ठीसकट चौकटीत बसवलेलं. परवा आम्ही गेलो तेव्हा आमची ही चष्मा सावरत चित्रापुढे बराच वेळ उभी होती.

"भावोजी," ती म्हणाली, "यात एक काळाही आहे."

तो ओट्याशी चहा गाळत होता. वळला नाही.

"डाव्या कानामागचा," म्हणाला. "तिथले पिकलेच नव्हते."