रविवारचा सिनेमा

पडद्यावरच्या बापाने मुलीच्या तोंडावर दार लावलं, तसा बाबांनी खिशातून रुमाल काढला. धाकटीने अंधारातही ते टिपलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

वर्षभर ती दर रविवारी त्यांना सिनेमाला आणत होती. बाबा शिंपी. माणसांची मापंही त्यांनी एकदाच घेऊन ठेवलेली. थोरलीने ‘आपल्यातला’ नसलेला नवरा केला, तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. आई गेली तेव्हाही ती फाटकातूनच परत फिरली होती. सिनेमात मात्र बाबा पार विरघळत. तुरुंगातला चोर असो, घरदार सोडून पळालेलं परकं कुटुंब असो, त्यांचे डोळे भरून येत. हळूहळू का होईना, आत काहीतरी मुरतंय, असं धाकटीला वाटे.

म्हणून आज तिने तीन तिकिटं काढली होती. दिवे मालवल्यावर थोरली गुपचूप येऊन बाबांच्या पलीकडे बसली. आता तिला हुंदके आवरेनात. बाबांनी मान न वळवताच रुमाल पुढे केला.

"घ्या बाई. सिनेमाच आहे."

थोरलीने तो घेतला.

"बाप आहे की कोण," बाबा पुटपुटले. "काळीजच नाही मेल्याला."

दिवे लागले. बाबा शेजारी वळले.

"बाबा," थोरली म्हणाली.

अनोळखी गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाकडे बघून ते हसत तरी. मग दुसऱ्या बाजूने, लोकांचे पाय तुडवत, ते बाहेर पडले. थोरलीने धाकटीला हातानेच सांगितलं, जा तू.

जिन्यात बाबा कठड्याला धरून उभे होते.

"बाबा, ताईला एकदा घरी..."

"चांगला होता सिनेमा," ते म्हणाले. "त्या पोरीचं फार वाईट वाटलं."

"कोणत्या पोरीचं?"

"सिनेमातल्या. आणखी कोणाचं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर धाकटी भांडली असती. तिला नुसतं थकून गेल्यासारखं झालं. तिने सवयीने त्यांचा हात धरला आणि दोघं एकेक पायरी उतरू लागले.

"पुढच्या रविवारी मला कडेची खुर्ची घे," बाबा म्हणाले. "शेजारी तू बस, म्हणजे झालं."