सॉरी, बाळा

इंग्रजी ‘सॉरी’च्या शेवटच्या अक्षराला शेपटी असते. या मतपत्रिकेवरची शेपटी बोथट पेन्सिलीने काढलेली होती. वरच्या चौकोनाशेजारून निघून ती वळण घेत खाली उतरली होती आणि खालच्या चौकोनाच्या रेघेपासून केसभर अंतरावर थांबली होती. हेदर ड्यूहर्स्टने चष्मा पुसला, हात पाठीमागे बांधले, कारण मतपत्रिकेला हात लावायचा हक्क फक्त निवडणूक अधिकाऱ्याला होता, आणि पुन्हा वाकून पाहिलं. नाही, शेपटी रेघेला टेकलेली नव्हती.

वरचा चौकोन रोलंड क्रॅबट्रीचा होता, खालचा तिचा. दोन्हींत फुली होती, सारखीच ठळक. आणि दोन नावांच्या उजवीकडे, मधोमध, लिहिलेलं होतं: ‘सॉरी, बाळा.’

“फुली चुकली तर माणूस ती गिरगटून टाकतो,” निवडणूक अधिकारी पिनॉक म्हणाले. “इथे तिची माफी मागितली आहे.”

“हे स्केलबेक आहे साहेब,” क्लिफ म्हणाला. “इथे लोक दाराला धडकले तर दाराची माफी मागतात.”

क्लिफ हा हेदरचा नवरा, आणि तिचा निवडणूक प्रतिनिधीही. तो घडीच्या खुर्चीवर, गुडघ्यांमध्ये काठी उभी धरून बसला होता. शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये, बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघांवर टेबलं मांडून मतमोजणी चालली होती. बाकीच्या वॉर्डांचे निकाल दुपारीच लागले होते. ते उमेदवार घरी जायचे सोडून भिंतीशी ताटकळत उभे होते, आणि मोजणाऱ्या बायका बोटांवरच्या रबरी टोप्या न काढता यांच्याच टेबलाकडे बघत होत्या.

सकाळी रोलंड चार मतांनी पुढे होता. फेरमोजणीत एका गठ्ठ्याच्या पोटात त्याचा म्हणून शिरलेला हेदरचा एक छोटा गठ्ठा सापडला आणि ती दोन मतांनी पुढे गेली. तेव्हा रोलंडने फेरमोजणी मागितली. तिसऱ्या मोजणीत दोघं बरोबरीत आले, आणि हॉलभर असा गलका उठला की पिनॉकना ध्वनिवर्धकावर टिचकी मारावी लागली. उरली फक्त ही मतपत्रिका. सकाळपासून दोनदा ती त्यांच्यासमोर आली होती आणि दोन्ही वेळा, “ही शेवटी बघू,” म्हणून त्यांनी ती तबकात परत ठेवली होती. आता शेवट आला होता.

आयुष्यात हेदर कधी कशाला उभी राहिली नव्हती. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुऊन रचून ठेवणं हे तिचं काम, आणि बोलायची वेळ आली की ती दुसऱ्याला पुढे करायची. पण गावचा पोहण्याचा तलाव बंद करून जागा विकायची की नाही, यावर नगरपरिषद दुभंगली होती. दोन्ही बाजूंना सारखी मतं होती, आणि निर्णय निवडणुकीनंतर घेऊ म्हणून सगळे मोकळे झाले होते. म्हणजे तलावाचं काय होणार, ते या एका जागेवर होतं. रोलंड विकायच्या बाजूचा होता, हेदर विरोधातली.

दोन वर्षांपूर्वी क्लिफला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याचा उजवा पाय हट्टी झाला. जमिनीवर तो काठीशिवाय चार पावलं टाकू शकत नसे. पण तलावाच्या उथळ, कोमट टोकाला, छातीपर्यंतच्या पाण्यात, तो एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत हात मोकळे सोडून चालायचा आणि वर शीळ घालायचा. हे प्रचारपत्रकात घालायचं का, असं हेदरने विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, “माझा पाय छापायचा नाही. पोरांचं छाप, म्हाताऱ्यांचं छाप.” तिने तेच छापलं. खरं कारण रोज तिच्यासमोर नाश्त्याला बसत होतं.

“दोन फुल्या,” रोलंड म्हणाला. “दोन फुल्या म्हणजे मत बाद. मग बरोबरी, मग चिठ्ठ्या. टाका पेटीत आणि काढा एक. माझी तयारी आहे.” तो इमारतीच्या सामानाचा व्यापारी, आडव्या अंगाचा आणि मोठ्या आवाजाचा. छातीवरचं पक्षाचं निळं कापडी फूल आता एका टाचणीवर लोंबत होतं. “वाईट वाटून घेऊ नकोस हं हेदर, बाळा.”

“हे बघा,” क्लिफ म्हणाला. “हाही बाळा म्हणतो. बसवाला म्हणतो, खाटीक म्हणतो. तो शब्द आपल्या काही उपयोगाचा नाही.”

“माफी कोण मागतं?” हेदर म्हणाली. आपला आवाज एवढा चढलेला ऐकून तिलाच नवल वाटलं. “ज्याने दुसऱ्याकडून काही काढून घेतलं, तो. वरची फुली चुकून पडली, मग खाली खरी मारली, आणि वरच्याला सॉरी म्हटलं.”

“किंवा चुकून तुला मारली, मग शुद्धीवर आला, मला मारली आणि तुला सॉरी म्हटलं!”

“शुद्धीवर येऊन तुला?” क्लिफ म्हणाला, आणि भिंतीशी उभे असलेले सगळे हसले.

पिनॉकनी समोरची पुस्तिका तिसऱ्यांदा चाळली. तिच्यात शंकास्पद मतपत्रिकांची चित्रं होती: चौकोनात हसरा चेहरा, नावाखाली रेघ, फुलीऐवजी बरोबरची खूण. माफी कुठेच नव्हती.

“खोडलं का नाही, हाच प्रश्न आहे,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

“नावाशेजारी गिरगटायला जीव झाला नसेल,” क्लिफ म्हणाला. “माणसं असतात तशी. तुझी आईच बघ ना, रोलंड. एनिड पोहताना त्या दोरीवरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्याला थडकली तर गोळ्याला सॉरी म्हणते. मी कानांनी ऐकलंय.”

रोलंडही हसला. “आईला मध्ये आणू नकोस. रोज सकाळी जाते ती तिथे, मला काय माहीत नाही? सांगितलंय तिला, डोंगरापलीकडच्या नव्या तलावावर गाडीने सोडत जाईन.”

“रोज?” क्लिफ म्हणाला.

“जमेल तसं.” मग तो पिनॉककडे वळला. “काल मतदानाला तिला मीच घेऊन गेलो. बाहेर आली तर डोळे पुसत होती. मुलाचं नाव छापलेलं बघून भरून आलं असणार.”

“तू नीट बघितलीस का ती मतपत्रिका?” हेदरने विचारलं. “की नुसताच ओरडतोयस?”

“दोन फुल्या दिसतात मला.”

“आणि लिहिलेलं?”

रोलंडने डोळे बारीक केले. “चष्मा गाडीत राहिलाय.”

“हा घे माझा. शेपटी कुठून निघते ते बघ, मग बोल.”

हेदरच्या चष्म्याची फ्रेम जांभळी होती आणि तिच्या कोपऱ्यांवर चमकदार ठिपके होते. तो रोलंडच्या रुंद नाकावर अर्ध्यातच अडकला. “शोभतोय!” मागून कुणीतरी म्हणालं. रोलंडने भिंतीकडे वळून झोकात मान लववली, मग दोन्ही मुठी टेबलावर टेकून खाली वाकला.

तो वाकलेलाच राहिला.

चष्म्याशिवाय हेदरला त्याचा चेहरा धूसर दिसत होता. पण त्याचे कान दिसत होते. ते आधी गुलाबी झाले, मग लाल. हसू ओसरलं. रोलंडने चष्मा काढला, दोन्ही काड्या नीट मिटल्या आणि फार जपून तिच्या हातात दिला.

“माझी हरकत मी मागे घेतो,” तो म्हणाला. आवाज इतका खाली आला होता की मोजणाऱ्या बायका पुढे झुकल्या.

“कोणत्या कारणाने?” पिनॉक म्हणाले.

“कारण... तिने आधी वरची—”

तो थांबला. दोरीवरचा गोळा, पुसलेले डोळे, लाल कान, सगळं हेदरच्या डोक्यात एकदमच जुळलं. आणि तिला हेही माहीत होतं की मत कुणाचं हे इथे उघड बोललं गेलं, तर नियमाने ते मत बाद. मग चिठ्ठ्या. रोलंडला ते तिच्याइतकंच ठाऊक होतं. त्याला फक्त एक नाव उच्चारायचं होतं. शिवाय त्यात खोटं काहीच नव्हतं.

क्लिफने काठीचं टोक लाकडी जमिनीवर घट्ट रोवलं.

“मिस्टर क्रॅबट्री,” पिनॉक पुस्तिकेवरून नजर न उचलता सावकाश म्हणाले, “मत कुणाचं आहे ते ओळखायचा प्रयत्न मी करत नाही. तुम्हीही करू नये. मला आत्ता फक्त खोकला ऐकू आला.”

रोलंड खरोखरच खोकला. त्याने मान वर करून छताकडे पाहिलं. तिथे एक जुना शटलकॉक दिव्याच्या जाळीत अडकून पडला होता. हेदरला वाटलं, हा आता बोलेल. उभी हयात याने कधी काही सोडून दिलेलं तिने पाहिलं नव्हतं. कोळसा, विटा, वाहनतळातली जागा, काहीही नाही.

“खोकलाच होता,” तो म्हणाला. “मला म्हणायचंय, मतदाराने. त्याने. त्याने आधी वरच्या चौकोनात फुली मारली, सवयीने. मग त्याला... आपल्याला काय हवंय ते आठवलं. माफी वरच्याची मागितली आहे.” त्याने घसा साफ केला. “लिहिणारा माणूस ज्याच्याकडे बघत असतो त्याच्या शेजारून लिहायला सुरुवात करतो. शब्द माझ्या चौकोनाशेजारून निघालाय. शेपटी तेवढी खाली गेलीय. ती शेपटी नेहमीच एवढी लांब... म्हणजे, काहींची असते.”

कुणीही हसलं नाही.

पिनॉकनी खिशातून छोटी पट्टी काढली. शब्दाच्या पहिल्या अक्षरापासून वरच्या चौकोनापर्यंत मापलं, मग खालच्या चौकोनापर्यंत. पुन्हा मापलं. पट्टी खिशात गेली. त्यांनी पेन उघडलं, टोपण मागे लावलं, टोपण काढलं.

“अहो, बोला की आता!” मागून एक मोजणारी बाई म्हणाली, आणि लगेच, “सॉरी.”

क्लिफने हेदरचा हात पकडला. त्याची पकड डाव्या हाताची होती, घट्ट. रोलंड जागेवरून हलला नाही. त्याने छातीवरचं लोंबणारं निळं फूल सरळ केलं आणि दुसरी टाचणी नीट टोचली, जशी एखादी आई शाळेच्या दारात मुलाच्या शर्टाला टोचते.

पिनॉक ध्वनिवर्धकाजवळ गेले नाहीत. ते जागेवरच उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात बोलले, तरी ते हॉलच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

“ही मतपत्रिका ग्राह्य. मत ड्यूहर्स्ट, हेदर यांना.”