सतराव्या नावापुढचा नंबर

वहिनींच्या डाव्या छातीतली गाठ काढून पाच आठवडे झाले होते. सर्जनने निरोप देताना बजावलं होतं, "आठव्या आठवड्याच्या आत शेक सुरू झाला पाहिजे." शेक म्हणजे रेडिएशन. तो देणारा डॉक्टर मात्र स्वतःच शोधायचा होता, आणि तोही सरकारी आरोग्य विमा घेणारा. वहिनींकडे दुसरा कुठलाच विमा नव्हता.

वहिनी एकसष्ट वर्षांच्या. एकाच गाडीवर ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. वहिनींचा नवरा गेल्यावर धाकटी नणंद त्यांच्याकडेच राहायला आली होती. तिने एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर काढलेली, म्हणून घरात तिला 'ऑपरेटर' म्हणत.

"तुम्ही गाडी शिकवा, फोन माझ्याकडे," असं म्हणून ऑपरेटरने विम्याची पुस्तिका ताब्यात घेतली. त्यात रेडिएशनच्या डॉक्टरांची सतरा नावं होती.

पहिल्या नंबरावर पडद्याच्या कापडाचं दुकान लागलं. दुसरे डॉक्टर निवृत्त होऊन मधमाश्या पाळत होते. त्यांच्या बायकोने राणीमाशीबद्दल वीस मिनिटं ऐकवलं. नंतरच्या चौघांनी "हा विमा आम्ही बंद केला" म्हणून हात झटकले. एकीकडे नवे पेशंट पुढच्या वर्षी. एका ठिकाणी तर नुसतंच गाणं वाजत राहिलं. ऑपरेटरला ते पाठ झालं आणि ती भांडी घासताना गुणगुणू लागली.

"अगं, ते तरी नको म्हणूस," वहिनी म्हणाल्या.

"चाल चांगली आहे हो!"

असे नऊ दिवस गेले. वहिनी रोज संध्याकाळी काही न विचारता नणंदेच्या तोंडाकडे बघायच्या आणि चपला काढायला वाकायच्या.

दहाव्या दिवशी दुपारी तिने सतरावा नंबर फिरवला. पलीकडच्या बाईंनी नाहीच म्हटलं. पण ऑपरेटर फोन ठेवणाऱ्यांतली नव्हती. "बरं, तुम्ही नाही घेत. पण कोण घेतं ते तुम्हाला ठाऊक असणारच. आवाजावरूनच कळतं, तिथलं सगळं तुम्हीच सांभाळता."

पलीकडच्या बाईंनी आवाज खाली आणला. "आमच्याकडच्या एक डॉक्टरीणबाई गेल्या महिन्यात नदीपलीकडच्या नव्या हॉस्पिटलात गेल्या. पुस्तिकेत अजून नाव नाही त्यांचं. घ्या नंबर. मी दिला म्हणून सांगू नका."

ऑपरेटरने नंबर मनगटावरच लिहिला आणि लगेच फिरवला. स्वागतकक्षातली मुलगी जेवायला गेलेली, त्यामुळे फोन खुद्द डॉक्टरीणबाईंनीच उचलला. तोंडात घास होता.

"सरकारी विमा? घेतो की."

ऑपरेटरने आनंदाने हात असा काही उडवला की फोन खाली पडून कट झाला. एकतीस वर्षांत तिच्या हातून पहिल्यांदाच लाइन तुटली होती! तिने धडपडत पुन्हा नंबर लावला.

"मघाशी तुम्हीच ना?" डॉक्टरीणबाई हसत होत्या. "चारच्या आत पेशंटला आणि कागद घेऊन या. उद्यापासून मी दहा दिवस नाही. शेकासाठीचं मोजमाप आज झालं, तर सोमवारी माझे सहकारी सुरू करतील."

घड्याळात अडीच वाजले होते. ऑपरेटर फाइल छातीशी धरून घरातल्या स्लिपरवरच रस्त्यावर धावली. समोरून वहिनींची गाडी गोगलगायीसारखी येत होती. स्टिअरिंगवर परीक्षेत तीनदा नापास झालेले सलूनवाले काका. ती सरळ गाडीपुढे उभी राहिली. काकांनी डोळे मिटले. ब्रेक वहिनींनी आपल्या बाजूने दाबला.

"सापडली! विमा घेणारी! चारच्या आत पोचायचंय!"

वहिनी तिच्याकडे बघतच राहिल्या. "खरंच?"

"घेतो की, म्हणाल्या. घास चावत म्हणाल्या!"

वहिनींना हसू फुटलं. एवढं, की डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. त्या जागांची अदलाबदल करायला उतरू लागल्या, पण डोळे पुसूनही समोरचं धूसरच दिसत होतं. "काका, तुम्हीच चालवा," त्या म्हणाल्या. "तिसरा गिअर टाका. आज चौथासुद्धा टाकू."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा चौथा गिअर टाकला. पूल आला तसे तेही हसू लागले, कशाला ते त्यांना ठाऊक नव्हतं. मागून ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, तर ऑपरेटरने खिडकीतून त्याला हात करून सांगितलं, "विमा घेतात हो!"

चारला सहा मिनिटं कमी असताना ती तिघं काउंटरपाशी उभी होती. कारकुनाने कागद उलटेपालटे केले, चष्मा पुसला आणि शिक्का मारला. ऑपरेटरने त्याचा हात हातात घेऊन हलवला. तो बिचारा गोंधळून "पुढचे या" म्हणाला. पुढे कोणीच नव्हतं.

आत तंत्रज्ञाने मोजमापासाठी वहिनींना टेबलावर झोपवलं. हृदय किरणांपासून लांब राहावं म्हणून खोल श्वास घेऊन वीस सेकंद रोखायचा होता.

"घ्या... रोखा," स्पीकरमधून आवाज आला.

सातव्या सेकंदाला वहिनी फस्सकन हसल्या.

"सॉरी हं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या वेळी अकरा सेकंद. तिसऱ्या वेळी तंत्रज्ञालाच हसू आवरेना. त्याने स्पीकर बंद केला, पण काचेपलीकडचे त्याचे हलणारे खांदे दिसत होतेच.

शेवटी डॉक्टरीणबाई आत आल्या. त्यांनी वहिनींच्या हातावर हात ठेवला. "एवढं कशाचं हसू येतंय?"

"अहो, सहा आठवडे मी घाबरलेच नव्हते. वेळच नव्हता, शिकवण्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "आता सगळं एकदम आलंय, आणि ते हसूनच बाहेर पडतंय."

"पडू दे. आपण थांबू."

वहिनी पोटभर हसल्या. मग थोडं रडल्या. मग डोळे पुसून सरळ झोपल्या आणि म्हणाल्या, "हं, करा."

छाती फुगली. यंत्र गुणगुणत फिरलं. बाहेर ऑपरेटर आणि काका काचेपलीकडच्या पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत नकळत स्वतःचेही श्वास रोखून उभे होते. अठरा, एकोणीस, वीस. वहिनी एकवीसपर्यंत गेल्या.

सोमवारी, सातव्या आठवड्यात, शेक सुरू झाला. पंधराच्या पंधरा वेळा वहिनी वेळेवर गेल्या. कातडी जरा भाजल्यासारखी झाली, दुपारी झोप यायची, बाकी त्रास नाही. शेवटच्या दिवशी तंत्रज्ञाने विचारलं, "माझी बायको गाडी शिकायची म्हणते, घ्याल का?"

"घेतो की," वहिनी म्हणाल्या, आणि टेबलावरून उतरून ब्लाउजची बटणं लावू लागल्या.