एकवीस मोकळ्या ओळी

उज्वलानं सेव्ह दाबलं आणि क्वेरीतल्या मोकळ्या ओळी गेल्या. तिनं क्वेरी बंद करून परत उघडली. घरांचे नंबर एकाला एक चिकटून बसले होते.

भूकंपानंतर नव्या जागी बसवलेल्या गावांच्या नोंदी लातूरच्या या ऑफिसात होत्या. आपल्या गावची यादी काढायचा कॉम्प्युटरला हुकूम, म्हणजे ही क्वेरी, तिनंच लिहिलेली. दुपारच्या सुट्टीत वडील, शेषेराव, फोनवर जुन्या गावची एकेक गल्ली सांगायचे आणि ती त्याच क्रमानं त्या घरांचे नवे नंबर टाकायची. ज्या घरात कुणीच उरलं नाही, त्याला नंबर कुठला?

"नाव घिऊ नको बाई," ते म्हणायचे, "जागा सोड."

अशा एकवीस जागा; तिथं ती एकेक ओळ मोकळी सोडायची. कागदावर मात्र लिहू द्यायचे नाहीत. घरातले सगळे कागद एकदा ढिगाऱ्याखाली गेले, तेव्हापासून त्यांचा कागदावरचा भरवसाच उडाला होता.

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सुदर्शननं येऊन बघितलं. प्रोग्रामचं नवीन व्हर्जन सेव्ह करताना आपोआप सगळं नीटनेटकं करतं, जुनं काही परत येत नाही, असं म्हणाला. मग त्यानं यादी काढून दाखवली.

"यादी तर तीच येऊन राहिली, मॅडम. गेलं काय?"

काय सांगणार, कपाळ! कॉम्प्युटरला मोकळ्या ओळींनी फरक पडत नव्हता; यादी खरंच बरोबर होती.

रविवारी ती जीपनं गावी गेली, या वेळी वही घेऊन. शेषेरावांना हल्ली सकाळचं जेवण संध्याकाळी आठवत नसे, पण जुनं गाव पक्कं असणार, असं ती वाटभर स्वतःला बजावत होती. त्यांच्या वयाचं गावात दुसरं कुणी राहिलं नव्हतं. ते खुशीत आले, बोटानं हवेत गल्ली काढू लागले.

"वेशीपासून तुळजाबाईचं. मग ईश्वरप्पाचं. मग आपलं."

तिचा पेन थांबला. ईश्वरप्पाच्या आणि आपल्या मधे अमृतकाकांचं घर होतं. सहा वर्षांची असताना ती दुपारी तिथंच जेवायची.

"आप्पा, मधी कोण होतं?"

"मधी? कोणी न्हाई. लागूनच हाय की."

ते पुढच्या गल्लीत गेले, मग त्याच्या पुढच्या. कुठंच जागा सोडली नाही.

उज्वलाला रडू फुटलं. तिनं वहीत डोकं घातलं. या वेळी ओळ मोकळी न सोडता तिथं अमृतकाकांचं नाव लिहिलं. उरलेली वीस घरं कुठं होती, ते तिला माहीत नव्हतं.