बूट घातलेलं फूल

शब्दकोशाच्या कार्यालयात एक रीत होती. नोंद तयार झाली की ती चित्रकाराला मोठ्याने वाचून दाखवायची. मूळ शब्द सांगायचा नाही, हातवारे करायचे नाहीत. नुसतं ऐकून त्याने बरोबर चित्र काढलं तर नोंद पास, नाहीतर कागद परत.

नव्या संपादिकेचा कागद दोनदा परत आला होता. शब्द इंग्रजी, विशेषण, 'स्पर्ड'; अर्थ दोन, एक स्वाराचा, एक फुलाचा. "आता चुकलं तर फुलाचा अर्थ गाळू," मुख्य संपादक भाऊंनी बजावलं होतं, "आणि तुम्ही पुन्हा मुद्रितं तपासायला बसा."

पहिला अर्थ सोपा होता: 'घोड्याला टोचण्यासाठी टाचेला धातूची आर बसवलेले बूट घातलेला (स्वार).' चित्रकाराने आर इतकी झकास काढली की भाऊंनी पाय आखडून घेतले. अडलं ते फुलापाशी. 'तशीच आर असलेले फूल' म्हटल्यावर पठ्ठ्याने फुलाला चक्क बूट घातले.

"घोड्यावर बसवू का याला?" त्याने विचारलं.

"बसव," भाऊ म्हणाले. "शर्यतीला पाठवू."

दुसऱ्या खेपेला तिने 'मागे काटा असलेले' असं लिहिलं, तर निवडुंग निघाला.

संध्याकाळी ती पाळणाघरात पोहोचली तेव्हा लेक कुंपणापाशी उभी होती, तोंडात केशरी फूल. आई धावली.

"थू! थू कर आधी!"

फूल हिसकावून तिने उलटंपालटं केलं. किडा नव्हता. मागे एक निमुळती शेपटी होती, पोरीने टोक कुरतडलेली. पोरीला काही व्हायचं ते आधी आपल्याला होऊ दे, म्हणून तिने स्वतःच ती चोखली. गोड! आर कसली नि काटा कसला, ही तर पोकळ नळी! आपण आजवर फूल हातात न घेताच लिहीत होतो की! कुंपणावरची चार फुलं तोडून तिने ओल्या रुमालात गुंडाळली.

"तुझी आई चांदोबासुद्धा उकळून देईल तुला," घरी हे सगळं ऐकून नवरा लेकीला म्हणाला. त्या दिवशी तिला राग आला नाही.

सकाळी ती वाचू लागली. "स्वाराच्या टाचेमागे आर निघते तशी पाकळ्यांच्या मागे निघालेली निमुळती, पोकळ नळी, टोक बंद, आत मध, अशी नळी असलेले फूल."

पेन्सिल एकदाही अडखळली नाही. कागद पुढे आला तसा तिने रुमाल उघडून फूल शेजारी ठेवलं. हुबेहूब!

"अरे वा, बाई!" चित्रकार स्वतःच्याच चित्राकडे बघत राहिला.

भाऊंनी नोंदीवर सही ठोकली. "आणि मुद्रितांसाठी दुसरं कुणी शोधा," ते दाराकडे बघून ओरडले. "या बाई आता इथून हलत नाहीत."

मग त्यांनी फूल उचललं, शेपटी दाताखाली धरली आणि डोळे मिटून चोखली.

"अहो भाऊ!" ती किंचाळली. "धुतलं नव्हतं ते!"