वाळूचे तिसरे पोते

मी एक जुना वजनकाटा आहे. ओहायोतल्या एका लहान गावात, बंद पडलेल्या धान्याच्या कोठारासमोर, मला जमिनीत बसवले आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्यावरून चालत गेलात तर तुम्हाला नुसत्या लाकडी फळ्या दिसतील. वजन दाखवणारी माझी पितळी दांडी शेजारच्या खोपीत आहे. तिच्याकडे आता कोणी फिरकत नाही.

मला घडवले ते मक्याच्या गाड्या तोलायला. पण एल्डन स्टकी तोलणारा झाला आणि रविवारी चर्च सुटले की गावातल्या मोटारीही माझ्यावर येऊ लागल्या. एकदा एल्डनचा मित्र ड्वेन आपली उघडी गाडी घेऊन आला. छप्परच नाही, म्हणजे हिचेच वजन कमी, असा त्याचा दावा. दांडीने उलटे सांगितले.

"छप्पर काढलं की गाडी वाकायला बघते," एल्डन म्हणाला, "म्हणून तिच्या पोटाखाली जादा लोखंड घालतात. तुझं पोट वेगळं मोजू का?"

त्या गाड्या खरोखर जड होत्या. जाड पत्रा, ओतीव लोखंडाचे इंजिन. तरी एकाच साच्यातल्या दोन गाड्या सारख्या भरत नसत. एकीचे इंजिन मोठे असे, दुसरीत गार हवेचे यंत्र असे, तिसरीचा तळ बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने खाल्लेला असे. कारखान्याच्या कागदावरचा आकडा रिकाम्या टाकीचा असे. पुढे पेट्रोल महागले आणि नव्या गाड्या आखूड आणि हलक्या झाल्या.

एल्डनची स्वतःची गाडी चौसष्ट सालची, निळी. तिचा सगळा भार पुढे, इंजिनावर. मागची चाके बर्फात नुसती फिरत राहत. म्हणून तो दर नोव्हेंबरात डिकीत साठ-साठ पौंडांची वाळूची दोन पोती टाकी आणि एप्रिलमध्ये काढी. मुलगी जॅनेल सोळा वर्षांची झाली, गाडी शिकली, तेव्हा त्याने तिसरे पोते टाकले.

"तू चिमणीएवढी," तो तिला म्हणाला, "गाडी तुझं ऐकायची नाही."

पुढे जॅनेल दूर पश्चिमेला, ओरेगॉनला गेली. कोठार बंद झाले. ट्रक हमरस्त्यावरच्या नव्या काट्यावर जाऊ लागले. माझ्याकडे येई फक्त एल्डन, वर्षातून एकदा, नोव्हेंबरात. गाडी तोलायचा, दांडीला तेल लावायचा आणि न बोलता निघून जायचा. आकडा दर वर्षी तोच. मला तो ठाऊक होता, पण सांगणार कोणाला?

जानेवारीत एल्डन गेला. मार्चमध्ये जॅनेल निळी गाडी घेऊन आली. मागोमाग ड्वेन आला, आपल्या ट्रकला गाड्या वाहायचा ट्रेलर जोडून. गाडी आता त्याची होणार होती. ट्रेलर चार हजार पौंडच पेलणारा, म्हणून आधी वजन हवे होते.

"बाबा कधी 'ये' म्हणाले नाहीत," दांडीवरचे वजन सरकवता सरकवता ती म्हणाली. "बारा हिवाळे. मला वाटलं, माझ्याशिवाय त्यांना सवय झाली."

दांडी चार हजार वीसवर थांबली.

"वाळू असेल," तो म्हणाला. "दोन पोती काढली की झालं."

तिने डिकी उघडली. पोती तीन होती. तिन्ही याच हिवाळ्यातली, कोरी. तिसऱ्यावर एल्डनच्या अक्षरात लिहिले होते, 'जॅनेल'.

मग तिन्ही पोती तिने एकेक करून खाली घेतली.

"अगं, तिसरं राहू दे," ड्वेन हळूच म्हणाला. "बसतंय वजनात."

"ते माझं आहे," जॅनेल म्हणाली.

निळी गाडी गेली. जॅनेलने पोते कोठाराशी आधीच आणून ठेवलेल्या आपल्या भाड्याच्या गाडीत शेजारच्या जागेवर ठेवले आणि त्याला पट्टा लावला. मग ती माझ्यावरून गेली. खोपीत दांडी हलली. पाहायला कोणी नव्हते.

मित्रांनो, माझ्या फळ्या आता कुजत आल्या आहेत. कधीतरी मला उपसतील, त्याबद्दल तक्रार नाही. एवढेच मागतो. कोणाची गाडी मोडीत काढाल, विकाल, त्याआधी तिची डिकी एकदा उघडून पाहा. आणि ते माणूस हयात असतानाच पाहता आले, तर फार बरे.