ताईचा कप तेवढा राहिलाय

हात लावा खुशाल, भाजणार नाही. एकेकाळी माझ्याजवळ यायचं तर माणसं जाड हातमोजे घालून यायची. आता माझ्या डोक्यावर भांडी पुसायचं फडकं वाळत टाकलेलं असतं आणि मी चकार शब्द काढत नाही. आज बोलतेय ते तुम्ही माझ्यासारखीच एखादी विकत घ्यायला निघाला आहात असं कानावर आलं म्हणून.

मी कपांवर चित्र उमटवणारी प्रेस. अंग लोखंडाचं, एका बाजूला दांडा आणि मधे कप बसेल एवढा गोल पट्टा. कागदावर छापलेलं चित्र कपाभोवती गुंडाळून चिकटवायचं, कप माझ्या पट्ट्यात ठेवायचा आणि दांडा दाबायचा. मी त्याला घट्ट कवटाळते आणि तापते. कागदावरच्या शाईची वाफ होते आणि ती कपाच्या अंगात शिरते. मग ते चित्र घासून जात नाही की धुऊन जात नाही. लोक याला सब्लिमेशन प्रिंटिंग म्हणतात. मला तो शब्द धड बोलता येत नाही. मी मिठी म्हणते.

जन्माचं फार आठवत नाही. लांबलचक कारखाना होता, माझ्यासारख्या पुष्कळ जणी होत्या. प्रत्येकीला एकदा तापवून बघितलं, निववलं आणि खोक्यात भरलं. माझं खोकं उघडलं ते एका फोटोवाल्याच्या दुकानात.

फोटोवाला मनाने चांगला, पण भारी उतावळा. कुणाला काही विचारलं नाही, कुठे काही वाचलं नाही. बाजारातून साधे पांढरे कप उचलून आणले आणि लागला छापायला. अहो, या कामाच्या कपावर एक खास मुलामा असावा लागतो, शाई त्यात मुरते. साध्या कपाला मी जीव तोडून कवटाळलं तरी शाई वरच्यावरच राहते. पहिल्याच धुण्यात चित्रं मोरीला मिळाली. एक गिऱ्हाईक तर कप नाचवत दुकानात शिरलं.

"हे बघा! लग्नाच्या वाढदिवसाचा कप दिलात ना तुम्ही? बायको तेवढी राहिली, मी कुठे गेलो?"

फोटोवाल्याने हात टेकले. मला टेबलाखाली ढकललं, आणि पुढे मिळेल त्या भावात ताईला देऊन टाकलं. देताना मात्र तिला कळकळीने म्हणाला, "ताई, एक ऐका. आधी चार ठिकाणी विचारा, वाचा, बघा. माझ्यासारखं करू नका."

सल्ला सोन्यासारखा होता. पण तो त्याने कुणाला दिला, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

ताईला सगळेच ताई म्हणत. धाकटा भाऊ म्हणायचा म्हणून आई म्हणू लागली, आईचं ऐकून शेजारपाजार. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. पुस्तक छापून निघण्याआधी त्यातली चूक न् चूक हुडकायची आणि लाल पेनाने तिच्याभोवती गोल काढायचा. हे काम तिच्या हाडीमाशी इतकं खिळलेलं, की औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीतसुद्धा ती स्वल्पविराम घालून ठेवायची. चूक राहिलेली वस्तू हातावेगळी करणं तिला जमतच नसे.

आणि घरात आई विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज हाताशी येणाऱ्या वस्तूंवर आपल्या माणसांचे चेहरे असू द्या, नावं असू द्या, आठवण धरून ठेवायला मदत होते. आईच्या हाताशी दिवसभर काय असायचं, तर चहाचा कप. ताईने दुकानातून एक छापून आणला, त्यावर धाकट्याचं कपाळ कापलेलं निघालं. झालं, तिचं डोकं फिरलं. शिवाय तिच्या मनात आणखी एक होतं. हे काम हाताला बसलं, घरबसल्या चार कप विकता आले, तर नोकरी सोडून आईजवळ राहता येईल. म्हणून मी आले.

मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवलं. समोर आईची खुर्ची, बाजूला ताईची. मला ते घर पहिल्याच दिवशी आवडलं.

ताईने या विषयाचा असा काही कीस काढला म्हणता! कोणती शाई, कोणता कागद, कप कुठला, तापवायचं किती, दाबायचं किती. फोनवर एक बाई सांगायची, जास्त तापवा. दुसरा बुवा सांगायचा, तिथेच सगळे फसतात, कमी तापवा. तिसरा म्हणायचा, दोघंही खोटं बोलतात, खरा घोळ कागदात आहे. ताई सगळ्यांचं ऐकायची. मी तापायला तयार बसलेली असायचे आणि मला कुणी विचारायचं नाही.

शेवटी आईच म्हणाली, "अगं, एकदा करून तर बघ. बिघडला तर बिघडला, कप आहे तो."

पहिला कप धाकट्याचा. भाऊ दूर नोकरीला, त्यामुळे ताई म्हणाली, "तो कुठे बघायला येतोय!" कागद जरा सैल राहिला, आत सरकला, आणि चित्र जोडीने उठलं. ताईने कपाळावर हात मारला. आईने मात्र कप उचलून नीट न्याहाळला आणि खुदकन हसली.

"ताई, अगं धाकट्याला दोन नाकं आली! लहानपणी एकच पुसता पुसता माझ्या नाकी नऊ यायचे."

आणि तो कप तिने सोडलाच नाही. ताई टाकून देणार होती, तिने पदराआड धरला. दुसरा शेजारच्या काकूंचा. रंग बिनसला, चेहरा हिरवट उठला. आई म्हणाली, "काकूंना कावीळ झाली वाटतं," आणि काकू आल्या की त्यांना त्यांच्याच कपातून चहा. काकूही गमतीला लागल्या, आल्या की पहिलं विचारायच्या, "काय हो, उतरली का माझी कावीळ?" तिसरा ताईच्या वडिलांचा. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पुरती तापण्याआधीच ताईने घाईने दांडा उचलला, म्हणून चित्र फिकट राहिलं. ताई चुटपुटत होती. आईने त्या कपावरून बोट फिरवलं.

"राहू दे. झोपेतून उठले की अस्सेच दिसायचे."

सकाळ झाली की आई तिन्ही कप ओळीने मांडायची आणि एकेकाला हाक मारायची. धाकट्या. काकू. अहो. एकही चुकायची नाही. मला काय अभिमान वाटायचा! वाकडी का होईना, माझ्या मिठीतून निघालेली माणसं तिच्या डोक्यात घट्ट बसली होती.

एकदा तिने विचारलं, "तुझा गं कुठे?"

"माझं काय, मी समोर तर आहे," ताई फोनवरची नजर न काढता म्हणाली. "सगळं नीट जमलं की शेवटी माझा."

"तू समोर आहेस गं," आई म्हणाली, "पण मला डोक्यात पाहिजे ना."

ताईने ऐकलं की नाही कोण जाणे. तिच्या फोनवर तेव्हा कुणीतरी हवेतल्या दमटपणाने कागद कसा फसवतो ते सांगत होतं.

मग सुरू झाली पुढची तयारी. नव्या कागदाचे नमुने आले, वेगळी शाई आली. रंगांच्या पट्ट्या छापून ताई त्या खिडकीच्या उजेडात धरायची, त्यांच्याभोवती लाल गोल काढायची आणि पुन्हा वाचायला बसायची. छापखान्यातून आली की हेच. आई समोरच्या खुर्चीत बसून काहीबाही सांगू बघायची, आपल्या लग्नातलं, ताईच्या बाळपणातलं.

"थांब हं आई, एवढं एक बघून घेते."

आई थांबायची. ती गुणी माणसासारखी हात मांडीवर ठेवून थांबायची, आणि सांगायचं होतं ते मधल्या मधे हरवून जायचं. मला तेव्हा त्या फोनचा असा राग यायचा! दोघींच्या मधे मी, म्हणून मला दोन्ही तोंडं दिसायची. एक फोनमध्ये घातलेलं आणि एक वाट बघणारं.

एका दुपारी काकू आल्या होत्या. ताई पलीकडे खिडकीशी. आई त्यांच्याकडे झुकून हळूच म्हणाली, "ही बाई स्वभावाने फार चांगली आहे हो. माझं सगळं करते. पण कुणाशी बोलत नाही."

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि उठून गेल्या. माझ्यात धमक असती तर मी त्या क्षणी आपणहून तापले असते, धूर काढला असता, घर डोक्यावर घेतलं असतं. पण आम्हाला बटण दाबावं लागतं.

आणि मग एकदाचा तो कप झाला. ताईचा. कागदावर तिचा चेहरा निस्तेज दिसत होता, पण आता ती घाबरली नाही. मिठीतून निघाल्यावर रंग खुलतात हे तिला माहीत झालं होतं. तिने कागद ताणून गुंडाळला, कडा बोटाने दाबल्या आणि दांडा खाली घेतला. मी इतक्या मायेने कुणाला कवटाळलं नव्हतं. वेळ भरली, तिने दांडा उचलला, कागद सोलला. काय सांगू तुम्हाला! डोळ्यांतली चमकसुद्धा उमटली होती. खाली टपोऱ्या अक्षरांत: ताई. लाल गोल काढायला तिळाएवढी जागा नव्हती.

कप निवेपर्यंत तिला दम निघेना. त्यात चहा ओतून ती आईसमोर गुडघ्यांवर बसली.

"बघ आई. कोण आहे?"

आईने कप दोन्ही हातांनी धरला आणि पुष्कळ वेळ बघत राहिली.

"छान आहे हो," ती म्हणाली. "तुम्ही काढलंत?"

तुम्ही. ताईच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं सगळं निघून गेलं.

"आई, मी. ताई. ही मीच आहे."

आईने कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. परक्या माणसाचं मन मोडू नये म्हणून आपण मान हलवतो ना, तशी हलवली. मग कप अलगद बाजूला ठेवला आणि आपला दोन नाकांचा ओढून घेतला.

"हा माझा धाकटा. या काकू, आणि हे आमचे," तिने एकेकावर बोट ठेवलं. "माझ्या ताईचा कप तेवढा राहिलाय. ती म्हणते, सगळं नीट जमलं की करेन. फार हुशार आहे हो. येईल, तेव्हा तुम्हाला दाखवते."

ताई माझ्या शेजारी टेबलावर डोकं ठेवून रडली. तिच्या कपाळाचा घाम माझ्या गरम लोखंडाला लागत होता, तरी तिने डोकं हलवलं नाही. मला सगळं जग कवटाळता येतं, ती मात्र माझ्या पट्ट्यात मावत नव्हती.

त्यानंतर तिने मला तापवलं नाही. नोकरी मात्र सोडली. कप विकून नव्हे, तशीच. आता ती दिवसभर आईच्या समोर असते आणि फोन दुसऱ्या खोलीत असतो. आई लग्नातली गोष्ट सांगते, पाहुण्यांना सांगावी तशी, आणि ताई पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकते.

म्हणून सांगते, तुम्ही जरूर वाचा, विचारा, चार जणांचं ऐका. कप कोणता, शाई कोणती, हे न कळता उडी घ्याल तर त्या फोटोवाल्यासारखे तोंडघशी पडाल. पण ज्याच्यासाठी हे सगळं मांडलंय ना, त्याचा कप पहिला करा. वाकडा येऊ दे, हिरवा येऊ दे, दोन नाकांचा येऊ दे. माझी एवढीच विनवणी आहे.

आज सकाळचंच सांगते. ताईने चहा दिला, आईने तो धाकट्याच्या कपातून घोट घोट घेतला आणि एकदम थांबून विचारलं, "बाई, तुम्ही सगळा दिवस इथे असता. तुम्हाला घरी कुणी नाही का हो?"

"आहे ना," ताई म्हणाली. "आई आहे."

"अगंबाई! मग जा की लवकर," आई कळवळून म्हणाली. "वाट बघत असेल ती."

ताई "हो" म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली.